हजेरीपट आधी, चाचणी नंतर: ऊसतोड कुटुंबातल्या एका मुलीचं प्रकरण

शाळेकडून आलेल्या यादीत सहा नावं होती. विशेष गरजा असलेल्या मुलांची माहिती गटसाधन केंद्राला पाठवावी लागते, त्यातलीच ही यादी. तिसऱ्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "बौद्धिक अक्षम. वाचता-लिहिता येत नाही. वर्गात बोलत नाही. प्रमाणपत्रासाठी शिफारस व्हावी." सोबत आधीच्या एका शिबिरातली चिठ्ठी टाचलेली. तिच्यावर बुद्ध्यांक ६२ आणि खाली सही.

मुलगी तिसरीत, वय नऊ. शाळा बीड जिल्ह्यातली, मुलगी गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची, आईवडील ऊसतोड कामगार. तिला इथे सोनू म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अशाच आणखी एक-दोन मुलींबरोबरचं काम या प्रकरणात मिसळलं आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ हे पद नसतं. तालुक्याला विशेष शिक्षक असतात, समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात आणि एकेकाच्या वाट्याला कितीतरी शाळा असतात. माझ्यासारखी व्यक्ती त्यांनी बोलावलं की जाते. बोलावणं बहुतेक वेळा एकाच कामासाठी येतं: मुलाला तपासा आणि काय आहे ते सांगा. या पेशाचा जन्मच अशा तपासणीतला आहे. लंडनमध्ये १९१३ साली सिरिल बर्ट यांची शिक्षण खात्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली, तेव्हा विशेष शाळेत कोणाला पाठवायचं हे तपासणं त्यांच्या कामाचा भाग होतं. शंभर वर्षांनंतरही शिक्षकाला आमच्याकडून हवा असतो तो निकाल.

गुरुजींचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगते. शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. एका खोलीत दोन इयत्ता. त्यातून पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं, मतदार यादीचं काम. "मॅडम, दोन वर्षं झाली, पोरगी पाटीवर रेघ ओढत नाही. प्रमाणपत्र मिळालं तर निदान काहीतरी सवलत तरी मिळंल तिला," असं ते म्हणाले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत बौद्धिक अक्षमता आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. प्रमाणपत्र देतात ते सरकारी रुग्णालयातले अधिकारी. माझा अहवाल त्यांच्यापुढे एक कागद असतो, पण तपासणीच्या दिवशी रांग मोठी असते आणि अशा वेळी आधीच्या कागदावर बरंच काही ठरून जातं. शिवाय नवव्या वर्षी एकदा "मतिमंद" ठरलेल्या मुलीला दहाव्या वर्षी वाचायला शिकवायचा खटाटोप कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

दोन वर्षं म्हणजे किती महिने

मी पिशवीतून चाचणी काढण्याआधी हजेरीपट मागितला. गुरुजींना ते थोडं विचित्र वाटलं असावं. तीनही वर्षांचे पट त्यांनी कपाटातून शोधून दिले, त्यांतला एक दुसऱ्या बाईंच्या घरी होता.

सोनूची पहिली २०२१-२२ ची. करोनामुळे बंद असलेल्या ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा त्या वर्षी १ डिसेंबरला उघडल्या. तोवर दिवाळी होऊन ऊसतोडीच्या टोळ्या फडावर, म्हणजे उसाच्या शेतांवर, पोचलेल्या. त्यातून तो हंगाम नेहमीसारखा एप्रिलमध्ये आटोपला नाही. राज्यात उसाचं पीक इतकं मोठं होतं की काही कारखाने जूनमध्येही चालू होते आणि मराठवाड्यात शिल्लक उसाची ओरड होती. तिचे आईवडील परत आले तेव्हा शाळेचं नवं वर्ष लागत होतं. म्हणजे पहिलीत ती एकही दिवस वर्गात बसली नाही. दुसरीत, २०२२ च्या जूनमध्ये, ती यायला लागली. हजेरी चांगली होती, अगदी पावसाचीसुद्धा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर मात्र रकाने रिकामे. त्या वर्षी गाळपाला १५ ऑक्टोबरपासून परवानगी होती आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी त्याआधीच तांड्यावर आली. ती परतली एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेला.

मी हे प्रकरण हाती घेतलं २०२३ च्या जुलैत. "दोन वर्षं" म्हणजे प्रत्यक्षात चार महिन्यांच्या आत-बाहेर शाळा. तीही दुसरीच्या पुस्तकापासून सुरू झालेली, कारण मुलगी कागदावर दुसरीत होती. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलाला बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ती शाळाबाह्य मुलाला दाखल करून घेताना आठवते. सोनूचं नाव पटावर होतंच, म्हणून तिच्या बाबतीत कोणाला आठवायचं कारण पडलं नाही.

गुरुजींनी विचारलं ते रास्त होतं. "निम्मा वर्ग ऊसतोडीचा आहे, मॅडम. बाकीची पोरं कशी वाचतात मग?" आम्ही एकेक नाव घेत बसलो. कोणी हंगामी वसतिगृहात राहिलेलं, म्हणजे आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांची गावातच सोय होते तिथे. कोणाची आजी गावात. कोणाचा मोठा भाऊ आठवीत, तो फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री पाटी घेऊन बसवायचा. जवळपास सगळ्यांची घरची भाषा मराठी. सोनू घरातली थोरली, तिच्याआधी कोणी शाळेत गेलेलं नाही. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. आणि दीड वर्षाचा भाऊ फडावर तिच्याच कडेवर. यातलं एखादंच अडचणीचं असतं तर निभावलं असतं.

बुद्ध्यांक ६२

चिठ्ठीवरचा आकडा खोटा नव्हता. घेतलेल्या चाचणीत तेवढाच आला असणार. ती चाचणी शाब्दिक होती आणि मराठीत घेतलेली होती.

अल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली मोजपट्टी तयार केली ती कोणत्या मुलांना जादा शिकवणीची गरज आहे हे ओळखण्यासाठी. बुद्धी म्हणजे ठराविक, न वाढणारी वस्तू आहे या मताला त्यांनी स्वतःच विरोध केला होता. आपल्याकडे धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणीची मराठी आणि कन्नड आवृत्ती तयार केली. देशी भाषेतल्या मुलांसाठी त्या काळात ते मोठंच काम होतं. ती अजून वापरात आहे. पण ज्या मुलांवर तिची प्रमाणं ठरली, त्यांची नातवंडंही आता पन्नाशीला आली असतील. मुख्य म्हणजे भाषेवर आधारलेली कुठलीही चाचणी त्या भाषेत वाढलेल्या मुलासाठी असते. ती कोणावर वापरतो आहोत हे पाहायची जबाबदारी वापरणाऱ्याची.

पहिल्या भेटीत सोनू माझ्याशी बोलली नाही. चित्रं दाखवली तर खाली बघून बसली. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग गुरुजींनी तांड्यावरचीच सातवीतली एक मुलगी बोलावली. तिने शेजारी बसून "तारो नाम कांई छ?" असं विचारलं तेव्हा सोनूने मान वर केली. त्यानंतर तीच चित्रं पुन्हा घेतली. भाकरीच्या चित्राला ती "बाटी" म्हणाली, आई आणि बाळाच्या चित्राला "याडी". शिबिरात हीच उत्तरं चुकीची धरली गेली असतील किंवा ती बोललीच नसेल. काहीही झालं तरी गुण शून्यच. वर्गातही नेमकं हेच चाललं होतं. गुरुजींचं बोलणं तिला बरंचसं कळायचं, उत्तर मात्र गोरमाटीत यायचं. एकदा पोरं हसली, तेव्हापासून तिने तोंड उघडणं सोडलं. हे त्या सातवीतल्या ताईनेच सांगितलं.

भाषेचा संबंध कमीत कमी यावा म्हणून मी रेव्हन यांची रंगीत आकृत्यांची चाचणी घेतली. प्रत्येकी १२ आकृत्यांचे तीन संच, अशा ३६ आकृत्या. प्रत्येकीत एक तुकडा रिकामा असतो आणि खालच्या सहांतून योग्य तो निवडायचा. सूचना गोरमाटीतून दिल्या. पहिल्या संचात ती चाचरली, कारण हा खेळ आहे की परीक्षा हे तिला कळत नव्हतं. दुसऱ्या संचात बोट सरळ उत्तरावर जायला लागलं. एके ठिकाणी तिने उत्तर दिलं, माझ्याकडे पाहिलं, परत आकृती पाहिली आणि स्वतःच बदललं. बदललेलं बरोबर होतं. एकूण गुण तिच्या वयाच्या मुलांच्या सरासरीत बसणारे. या एकाच चाचणीवर कोणाची बुद्धी ठरवावी असं मी म्हणणार नाही. पण ६२ या आकड्याशी हे गुण जुळत नव्हते.

बौद्धिक अक्षमता म्हणायला दोन गोष्टी लागतात. बुद्धीच्या चाचणीत बरंच मागे असणं ही एक. रोजच्या जगण्यातली कामं वयाप्रमाणे न जमणं ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीसाठी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात, तिचं भारतीय रूपांतर नागपूरच्या डॉ. मालिन यांनी केलं. प्रश्न आईला विचारायचे. स्वतःचं स्वतः जेवते का, दुकानातून वस्तू आणते का, घरातलं काम जबाबदारीने करते का. सोनूची आई जरा बावचळली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मुलगी पहाटे चुलीवर चहा ठेवते, हंडा भरते, भावाला आंघोळ घालते, दुकानात जाऊन उधारीच्या वहीत नीट लिहिलं की नाही ते वाणीदादाला दोनदा विचारते. श्रेणीवर तिचं सामाजिक वय दहाच्या पुढे गेलं. मोजणी म्हणून हे गुण तिच्या बाजूचे, पण मला ते लिहिताना बरं वाटलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीने करू नयेत अशा कामांचेही गुण ही श्रेणी देते, आणि ती कामं तिने का केली हे विचारायला तिच्यात रकाना नाही.

एक गोष्ट आधीच्या कोणीच पाहिली नव्हती. तिच्या डाव्या कानाच्या पाळीखाली वाळलेल्या पुवाची रेघ होती. "लहानपणापासून वाहतो," आई म्हणाली, जसं काही त्यात सांगण्यासारखं काही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, पण मागच्या वर्षी ते आलं तेव्हा सोनू फडावर होती. जिल्हा रुग्णालयात तपासल्यावर डाव्या पडद्याला छिद्र निघालं आणि त्या कानाला सौम्य प्रमाणात कमी ऐकू येतं हेही निघालं. उजवा कान चांगला. गोंगाटाच्या खोलीत, जेमतेम येणाऱ्या भाषेत, एका कानाने शिकणं म्हणजे काय, हे गुरुजींना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी त्याच दिवशी तिची जागा बदलली.

साडेपाचशे

गणितात ती "शून्य" आहे असं गुरुजींनी सांगितलं होतं. पाटीवर २७ अधिक १५ दिलं तर तिने ३१२ लिहिलं. दोन आणि एक तीन, सात आणि पाच बारा, शेजारी शेजारी. ही चूक मुलं सर्रास करतात. तिच्यात एक तर्क आहे आणि ती करणाऱ्या मुलाला बेरीज येत असते, स्थान मात्र कळलेलं नसतं.

मग मी पाटी बाजूला ठेवली आणि फडाबद्दल विचारलं. हे बहुतेक मराठीतच बोलणं झालं, कारण फडावरचे शब्द तिला मराठीत येत होते: कोयता, मोळी, खाडा, उचल, वाढं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी हे तिनेच मला समजावलं. दोन टन ऊस तोडला, टनाला पावणेतीनशे, तर कोयत्याचे किती झाले? त्या काळात दर याच्या आसपास होता. ती जरा वर बघून म्हणाली, "साडेपाचशे." कसं काढलं? "पावणेतीन नि पावणेतीन साडेपाच." वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या ती स्वतः गवळ्यांना विकत असे. सात पेंढ्या, पाच रुपयांना एक, पन्नासची नोट दिली, वापस किती? "पंधरा." उत्तराला वेळच लागला नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नुनेस, श्लीमन आणि कारेहेर यांनी १९८५ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. बाजारात माल विकणाऱ्या मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले, तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसलेच हिशेब नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तर ३७ टक्केच. मुलं होती फक्त पाच, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये; पण ज्याने बाजारात पोरं पाहिली आहेत त्याला त्यात नवल वाटणार नाही.

गुरुजींनी हे बाजूला उभं राहून ऐकलं. त्यांनी खिशातून दहाच्या नोटा आणि टेबलाच्या खणातून एक-एकची नाणी काढली. २७ म्हणजे दोन नोटा, सात सुट्टे. १५ म्हणजे एक नोट, पाच सुट्टे. एकत्र केल्यावर बारा सुट्टे झाले तेव्हा सोनूने न सांगता दहा नाणी गुरुजींकडे सरकवली आणि हात पुढे केला: नोट द्या. "म्हणजे हातचा येतोय की हिला," गुरुजी म्हणाले. यापुढचं माझं निम्मं काम तिथेच झालं. मुलीबद्दलचं शिक्षकाचं मत माझ्या अहवालाने बदललं नसतं.

शिकवून पाहणं

आता प्रश्न वाचनाचा होता. तिला बारा-पंधरा अक्षरं ओळखू येत होती, स्वरचिन्हं एकही नाही. हे विशिष्ट अध्ययन अक्षमतेचंही लक्षण असू शकतं आणि शिकवलं न गेल्याचंही. निदानाच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की अपुरं शिक्षण किंवा शिक्षणाची भाषा नीट न येणं हे कारण असेल तर अध्ययन अक्षमता म्हणू नये. पण दोन्हींतला फरक एका बैठकीतल्या चाचणीतून दिसत नाही. त्यासाठी शिकवून पाहावं लागतं: आधी काय येतं ते बघायचं, मग नेमकं काहीतरी शिकवायचं, काही दिवस जाऊ द्यायचे आणि किती टिकलं, किती पुढे गेलं ते बघायचं.

आधी तोंडी. "काकडी"मधला "का" काढला तर? "कडी." असे अक्षर तोडण्या-जोडण्याचे खेळ तिला सहज जमले. "का" मधला "आ" वेगळा काढायला सांगितलं तेव्हा अडली. यात काळजीचं काही नव्हतं. डॉ. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की अक्षरलिपीतल्या मुलांना अक्षराचं भान लवकर येतं आणि त्याच्या आतल्या सुट्या ध्वनीचं भान बरंच उशिरा, स्वरचिन्हं शिकता शिकता येतं. सगळी अक्षरं आत्मसात व्हायला तिथे तीन-चार इयत्ता जातात. मराठीतही याहून फार वेगळं असायचं कारण नाही. दुसरीत चार महिने बसलेल्या मुलीकडून बाराखडीची अपेक्षा ठेवणंच चुकीचं.

मी तिला येणाऱ्यांपैकी पाच अक्षरं घेतली, क, न, म, प, ल, आणि फक्त काना शिकवला. कान, नाक, पान, मका, माल. "नाम" वाचल्यावर ती ताईकडे बघून हसली, हा शब्द तिच्या घरचा होता. पुढच्या भेटीत जुने शब्द विचारलेच नाहीत. "पाक", "माप" असे न दाखवलेले शब्द दिले आणि मधे "लाकम" असा अर्थ नसलेला एक शब्द घातला. पाठ केलेलं मूल इथे अडकतं किंवा ओळखीचा शब्द ठोकून देतं. सोनूने बोट ठेवून, हळू, पण बरोबर वाचलं आणि "लाकम कांई?" असं विचारलं. ऱ्हस्व वेलांटीला ती चुकली, "पिक"चं "पकि" केलं. ते तर सगळीच मुलं करतात, कारण चिन्ह आधी लिहितो आणि उच्चार नंतर. शिकण्याचा वेग साधारण, शिकलेलं टिकतं, शिकलेल्यावरून न शिकलेल्याकडे जाता येतं. त्या घडीला अध्ययन अक्षमता म्हणायला मला काही आधार सापडला नाही.

अहवालात मी तेवढंच लिहिलं. बौद्धिक अक्षमतेचे निकष पूर्ण होत नाहीत. अध्ययन अक्षमतेबद्दल आत्ता काही म्हणता येणार नाही. सलग वर्षभर शिकवल्यानंतर गरज वाटली तर पुन्हा पाहावं. आधीचा बुद्ध्यांक मुलीला नीट न येणाऱ्या भाषेतल्या चाचणीचा असल्याने ग्राह्य धरू नये. हा अहवाल फाइलसाठी. गुरुजींसाठी वेगळा एक कागद, एका पानात, ज्यात "सर्वांगीण विकासासाठी प्रयत्न करावेत" असलं काही नव्हतं. उजवा कान त्यांच्या बाजूला येईल अशी जागा. सूचना दिल्यावर ती तिच्याच शब्दांत परत म्हणायला लावायची, गोरमाटीत चालेल. परिपाठानंतर पाऊण तास इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट, त्यात सोनू पहिलीच्या मुलांबरोबर, पण त्या गटात अंकांचा खेळ घेणारी तीच, म्हणजे तिला खालच्या वर्गात घातल्यासारखं वाटणार नाही. गणित आधी पैशात, मग पाटीवर. आठवड्यातून एकदा सातवीतली ताई गोरमाटीतली एखादी गोष्ट सांगणार आणि ती देवनागरीत फळ्यावर लिहिली जाणार. तांड्यावरच्या बाकी पोरांना त्याची इतकी गोडी लागली की हा तास ठरल्यापेक्षा लांबायचा.

सगळं ठरल्यासारखं झालं नाही. दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला गेल्या की चारही वर्ग एका खोलीत आणि गट बंद. कानाचे थेंब संपले की आणायला कोणी जायचं नाही. तरीही नवरात्रापर्यंत सोनू सगळी स्वरचिन्हं असलेले शब्द आणि छोटी वाक्यं वाचत होती. जोडाक्षरं नव्हती. वर्गात ती आपणहून बोलायला लागली होती, आणि एकदा दंगा केला म्हणून शिक्षाही झाली. गुरुजींनी हे मला फोनवर कौतुकाने सांगितलं.

पाडव्यानंतर

आम्ही जे कमावलं ते नोव्हेंबरात जाणार हे जुलैपासूनच दिसत होतं. पाडवा झाला की टोळी निघणार. वडिलांनी उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत न जाण्याचा प्रश्नच नाही. हंगामी वसतिगृहासाठी सोनूचं नाव गुरुजींनी प्रस्तावात घातलं होतं. वडील शाळेत आले, उंबऱ्यावर बसले.

"शिकू द्या म्हनता, बरोबर हाय. पन आमी दोघं पहाटं फडात गेल्यावर बारक्याला कोन बघनार?"

या प्रश्नाला माझ्या शास्त्रात उत्तर नाही. बैठकीला शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, तांड्याचे नाईक, सोनूची आजी, सगळे होते. वेगवेगळे पर्याय निघाले. आजीने फडावर जावं आणि सोनूने वसतिगृहात राहावं, तर आजीला कोपीतल्या थंडीचा दमा. भावाला आजीजवळ ठेवावं, तर तो अजून अंगावर पितो. शेवटी असं ठरलं की सोनू आजीजवळ तांड्यावर राहील, जेवण वसतिगृहात घेईल, आणि बारक्याला त्याच टोळीतली मावशीची मुलगी सांभाळेल. ती बारा वर्षांची. तिची शाळा आधीच सुटलेली आहे, म्हणून कोणालाच अडचण वाटली नाही.

मला वाटली, आणि मी ती बैठकीत बोलूनही दाखवली. नाईक म्हणाले, "मॅडम, एक तरी शिकू द्या." मी गप्प बसले, कारण मी हटून बसले असते तर दोघी गेल्या असत्या. त्या मुलीचं नाव दुसऱ्या गावच्या शाळेत होतं. तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून शिक्षण हमी पत्रक तयार करून द्यायला सांगितलं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसवून घेतील. पत्रक मिळालं. ती शाळेत गेली की नाही, याची नोंद माझ्याकडे आलेली नाही, आणि पोर कडेवर असताना ती गेली असेल असं मला वाटत नाही. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ एका मुलाचं प्रकरण हाताळतो. ओझं मात्र घरातल्या एका मुलीकडून दुसरीकडे जातं आणि आपल्या फाइलीत ते दिसत नाही.

सोनू फेब्रुवारीपर्यंत सलग शाळेत होती. मग आजी आजारी पडली आणि वडील येऊन तिला फडावर घेऊन गेले. एप्रिलमध्ये परतली तेव्हा वाचन अडखळत होतं, पण गेलं नव्हतं. दुसरीच्या पुस्तकातला धडा ती बोट ठेवून वाचते, जोडाक्षर आलं की थांबते आणि अंदाज करते. हातच्याची बेरीज पाटीवर जमते. वजाबाकीत उसना घ्यायला अजून नोटा लागतात. कानाची शस्त्रक्रिया करावी का, हे डॉक्टर येत्या दिवाळीआधी ठरवतील. पुनर्मूल्यांकन ठरल्याप्रमाणे वर्षभराच्या सलग शिकवणीनंतर करायचं आहे, आणि तसं सलग वर्ष तिला अजून मिळालेलं नाही.

यादीतली बाकीची पाच नावं गुरुजींनी स्वतःच पुन्हा तपासली. नावांपुढे त्यांनी शेऱ्याऐवजी तीन रकाने आखले: शाळेत प्रत्यक्ष किती महिने, घरची भाषा कोणती, कान-डोळे तपासले का. त्यातल्या तिघांच्या बाबतीत गोष्ट सोनूसारखीच निघाली. चौथ्याला चष्मा लागला. पाचवा मुलगा चौथीतला. त्याचे वडील गावातच शिलाईचं काम करतात, घरी मराठी, कान-डोळे ठीक, हजेरी भरलेली, तोंडी उत्तरं चोख, आणि चार वर्षं शिकूनही "कमळ" हा शब्द तो रोज नव्याने फोडतो. त्याला सगळे आळशी म्हणत होते. त्याची रीतसर चाचणी आम्ही जूनमध्ये सुरू केली आहे, आणि त्याच्या बाबतीत प्रमाणपत्राची शिफारस करावी लागेल असं दिसतं आहे.